कडबेवाल्याचं मंगलाष्टक

माझ्या पुतणीच्या लग्नात माझी इज्जत एका उपमेनं घालवली. तिला उपमा म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी कडब्याचा व्यापारी. घाटनांदूरच्या बाजूला माझं दुकान आणि मागं पेंढ्या रचून उंच गंज्या लावायची जागा. सायकलच्या कॅरिअरवर पेंढ्या बांधून दारोदार फिरत सुरुवात केली आणि आज माजलगावकडं ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचे बैल माझा कडबा खातात. शाळा नववीत सुटली. घासाघीस करताना माझ्यापुढं टिकलेला माणूस मी फार पाहिला नाही. आवाज चढला की समोरचा निम्मा तिथंच गार होतो.

आमच्याकडं लग्नात घरातल्या कुणीतरी वधूवरांवर मंगलाष्टक लिहायचं, अशी हौस असते. पुतणीसाठी ते मी लिहिलं. चार दिवस बसून आठ कडवी केली. यमक पक्कं होतं, एकेक ओळ टाळ्या घेईल अशी. दोन्हीकडच्या सगळ्या पाहुण्यांची नावं घातली, एकाही मावशीला रुसायला जागा ठेवली नाही. नवरदेवाचे मामा गाणं शिकवणारे मास्तर. माइक त्यांच्या हातात. त्यांनी पहिली ओळ सुरू केली, ती संपेचना, दम लागला. दुसऱ्या ओळीत दोन नावं गिळली. मग कागदाची घडी घातली आणि भर मांडवात माइकवरूनच म्हणाले, "मंडळी, हे कडब्याच्या गाडीसारखं झालंय. दोन्ही अंगांनी बाहेर आलंय. रस्त्यातच अडकायचं."

मांडव हसला. अंतरपाट धरलेला माझा सख्खा भाऊ हसला. अक्षतांचं ताट घेऊन उभी असलेली माझी मुलगी तेवढी हसली नाही. तिनं मान खाली घातली. मी तिथं जेवलो नाही. त्या मामांना मी आजवर माफ केलेलं नाही, आणि हे वाचून कुणी मला तसा सल्ला देऊ नये.

तीन वर्षांनी मुलीचं लग्न ठरलं. मी घरात जाहीर केलं, मंगलाष्टक मीच लिहिणार.

"अप्पा, बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा," मुलगी म्हणाली. "एवढं एक नको. माझ्या लग्नात लोक हसले तर मी अंतरपाटाआडून निघून जाईन."

"हसणाऱ्याचे दात न्हाई पाडले तर..."

"बघा, मला त्याचीच भीती हाय."

दोन दिवस वाद चालला. शेवटी तिनं अट घातली. तिला शाळेत मराठी शिकवलेल्या बाईंनी कागद वाचून 'बरोबर' म्हटलं, तरच मांडवात म्हणायचं. नाहीतर नेहमीची, छापील.

त्या बाई मला चांगल्या माहीत होत्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या, दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या, दारात एक गाय. कडबा माझ्याकडूनच नेत. भाव कधी करायच्या नाहीत, पण प्रत्येक पेंढी हातात तोलायच्या आणि हलकी लागली की काही न बोलता बाजूला ठेवायच्या. मी ज्यांच्यावर तोवर कधी आवाज चढवला नव्हता, असं ते एकच गिऱ्हाईक.

पुतणीच्या लग्नातला जुना कागद घेऊन गेलो. बाईंनी आठही कडवी शांतपणे वाचली आणि विचारलं, "मामा नेमकं काय म्हणाले होते?"

मी सांगितलं. मधे चार शिव्याही आल्या.

"शिव्या सोडून पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं. बाई म्हणाल्या, "उपमा उत्तम आहे."

माझं डोकं सरकलं. पण त्या फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या पुढं बोलत राहिल्या. "ज्याची तुलना करायची ते तुमचं मंगलाष्टक. ते उपमेय. ज्याच्याशी करायची ती कडब्याची गाडी. ते उपमान. दोन्ही अंगांनी बाहेर येणं, हा दोघांतला सारखा गुण, साधारण धर्म. आणि 'सारखं' हा जोडणारा शब्द. चारही अंगं जागेवर आहेत. 'हे जणू कडब्याची गाडीच' म्हणाले असते तर उत्प्रेक्षा झाली असती. 'हे मंगलाष्टक नाही, कडब्याची गाडी आहे' म्हणाले असते तर अपन्हुती."

"म्हंजी मला इतक्या परीनं नावं ठेवता येतात?"

"अजून बऱ्याच आहेत. रूपक राहिलं."

मला हसू आलं. तीन वर्षं जे वाक्य छातीत रुतून बसलं होतं, त्याचे चार भाग बाईंनी माझ्यासमोर ओट्यावर मांडून ठेवले होते. राग तसाच होता, पण मामांनी ते वाक्य जुळवलं कसं ते आता दिसत होतं. सुटं करून पाहिलं की कुठल्याही मालाची जादू थोडी कमी होते.

मग वृत्त आलं. मंगलाष्टकाच्या चालीचं वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत एकोणीस अक्षरं. ऱ्हस्व ते लघु, दीर्घ ते गुरू, आणि कुठं कोणतं यायचं ते ठरलेलं. बारा अक्षरांनंतर थांबा, त्याला यती म्हणायचं.

मी माझ्या धंद्यावर आलो, घासाघीस सुरू केली. "बाई, पाहुण्यांची नावं हायेत. कुणाला काढू? वीस करा."

"एकोणीस."

"एखाद्या ओळीला एकवीस, दुसरीला सतरा. सरासरी तीच पडती."

"एकोणीस."

"एवढं ताणून धरता कावून? अक्षरच तर हाय!"

"मी धरलेलं नाही," बाई म्हणाल्या. "मी मेले तरी ते एकोणीसच राहणार आहे."

घासाघीस सोडून मी बोटांवर अक्षरं मोजायला लागलो. असं माझ्या बाबतीत क्वचित होतं.

गणांपाशी मी अडकलो. तीन-तीन अक्षरांचे गट, म, स, ज, त. आज पाठ, उद्या कोरं. मुलीनं सांगितलेलं, बाई वर्गात कुणाला मठ्ठ म्हणत नसत. मलाही म्हणाल्या नाहीत. एक दिवस त्यांनी विचारलं, "आडतीवर माप घेणाऱ्याला काय म्हणता?"

"मापाडी."

"तिन्ही गुरू. हा म गण. तुम्ही काय विकता?"

"कडबा."

"दोन लघु, एक गुरू. स गण. बसता कुठं?"

"दुकानात."

"नुसतं दुकान. लघु, गुरू, लघु. ज. आणि आठवड्याला कुठं जाता?"

"बाजार."

"दोन गुरू, एक लघु. त गण. गिऱ्हाइकाला शेवटी काय म्हणता?"

"घे!"

बाईंनी ते एका दमात मंगलाष्टकाच्या चालीवर म्हटलं: *मापाडी कडबा दुकान कडबा, बाजार बाजार घे.* एकोणीस अक्षरं, यती जागच्या जागी. माझा अख्खा धंदा त्या वृत्तात बसत होता आणि मला पत्ता नव्हता. पुढं कित्येक दिवस मी ती ओळ गुणगुणत गंज्यांमधून फिरलो. आमच्या म्हाताऱ्या हमालानं विचारलंच, "मालक, बाकी समदं ठीक हाय, पर कडबा दोनदा कावून?"

"वृत्तात लागतो बे."

"मग हमाली बी दोनदा लावा."

त्या ओळीच्या मापावर मी एक कडवं रचलं. एकच, आठ नाहीत. अक्षरं मोजून घेतली, गण लावून पाहिले, छाती काढून गेलो. त्यात मुलगी म्हणजे साक्षात लक्ष्मी होती, तिचं रूप चंद्राला लाजवणारं होतं, आणि तिसऱ्या ओळीत मामांना एक टोला होता.

बाईंनी पेन्सिल घेतली. 'पहा' खोडलं, 'अहो' खोडलं, 'ते' दोनदा खोडलं. "हे शब्द अर्थासाठी आलेले नाहीत. माप भरायला आलेत. याला पादपूरण म्हणतात."

भरती म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. पेंढीच्या पोटात ओला पाचोळा घालून आणणारे शेतकरी मी दारातून परत पाठवलेत. मी आज त्यांच्या जागी बसलो होतो. बाई पुढं म्हणाल्या, "वृत्त बसलंय. पण ही लक्ष्मी आणि हा चंद्र कोणत्याही मुलीला चालतील. आणि लग्नाच्या कडव्यात हा टोला? इथं रौद्र रस कशाला?"

माझा तोल गेला. कागद टराटरा फाडला. "तुमाला कुणाचं कौतुकच करता येत न्हाई! पोरगी माझी, लगीन माझं, कडवं माझं!" आणखीही बोललो, ते इथं लिहीत नाही. निघून आलो.

आठ दिवसांनी बाई दुकानात आल्या. नेहमीसारख्या पेंढ्या तोलल्या, दोन बाजूला ठेवल्या. जाताना म्हणाल्या, "चारही ओळी लिहायच्या राहिल्यात तुमच्या." माफीची वाट पाहिली नाही, आणि राग धरलाय असंही दाखवलं नाही. मी जन्मभर राग सांभाळत आलो, म्हणून असा माणूस मला थोर वाटतो.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांनी विचारलं, "लक्ष्मी राहू द्या. मुलीची कोणती आठवण डोळ्यांसमोर येते?"

मी सांगितलं. ती पाच वर्षांची असेल. शिडीनं गंजीवर चढली होती आणि वरून मला हाका मारत होती. मी खाली एका गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होतो. हाका ऐकू येत होत्या. भाव पडेल म्हणून मी वर पाहिलं नाही. शेवटी तिची आईच येऊन तिला उतरवून घेऊन गेली.

बाईंनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "हे लिहा. अलंकार नको, जसं आहे तसं."

त्याला बारा दिवस लागले. पहिली ओळ अशी झाली:

*गंजीच्या वरती उभी हसत ती, हाका मला मारते*

बाईंनी गण लावले, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बरोबर." त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकायला मी चार महिने घालवले होते. बाकीच्या तीन ओळी फक्त मुलीसाठी आहेत, त्या इथं देत नाही.

कागद मुलीला दिला. ती वाचत गेली. मग वर न पाहताच म्हणाली, "मला वाटायचं, तुमाला ऐकूच गेलं न्हवतं."

"गेलतं."

तिनं कागदाची घडी घातली आणि आपल्याजवळ ठेवली. "हे तुमीच म्हणायचं मांडवात. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं न्हाई."

लग्नात मी माइक धरला. हा आवाज बाजारात ओरडण्यातच घडलेला, पण चाल अंगात मुरली होती. मागच्या रांगेत माणसं खुर्च्या ओढत होती, कुणाचं मूल रडत होतं. कडवं संपलं, 'सावधान' झालं, अक्षता पडल्या. कुणी हसलं नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत. ते गाण्यात गाणं होऊन निघून गेलं. अंतरपाटाच्या वरून मुलीची नजर तेवढी माझ्याकडं होती, आणि ती कुठंही निघून गेली नव्हती.

जेवणाच्या वेळी अनेकांनी 'लई भारी' म्हणून पाठ थोपटली. त्यातल्या निम्म्यांनी ऐकलंही नव्हतं. बाई पंगतीच्या टोकाला बसल्या होत्या. मी स्वतः त्यांना वाढायला गेलो.

"तिसऱ्या ओळीत एक लघु ओढलात," बाई म्हणाल्या.

"तिथं आवाज फुटला, बाई."

"कळलं मला. पण ओढलात."

मी वाद घातला नाही. ओढलाच होता.