जोएलचं पाकीट

आमच्या शाळेच्या ऑफिसात ॲव्हरिल स्टॉबर्टइतकी नियमाला चिकटलेली बाई दुसरी नव्हती. परीक्षांचं सगळं काम तिच्याकडे. भाचीचं प्रमाणपत्र न्यायला सख्खी बहीण आली, तिलाही तिने हात हलवत परत पाठवलं होतं. "ज्याचं त्याने यायचं, नाहीतर सहीचं पत्र द्यायचं," हे तिचं पालुपद. बाकीचे पाठीमागे हसायचे, मी तोंडावर.

याच स्वभावाने तिचा घात केला. सिक्स्थ फॉर्मचे, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाचे, निकाल शाळेला आदल्या दिवशी कळतात आणि ते फोडायचे नसतात. त्या वर्षी तिचा जोएल परीक्षेला होता. एकुलता एक, बाप केव्हाच सोडून गेलेला. निकाल पाहून ती घरी गेली, त्याच्या आवडीचा, खिमा-बटाट्याचा शेपर्ड्स पाय केला आणि तोंडाला कुलूप लावून बसली. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये, सगळ्या मित्रांसमोर, त्याने निकाल उघडला. विद्यापीठ हुकलं होतं.

तो तडक तिच्या टेबलाशी आला. "तुला काल माहीत होतं?"

"जोएल, नियम आहे रे..."

"काल माझ्यासमोर बसून जेवलीस तू!"

महिन्याभरात तो समुद्रातल्या तेलविहिरींवर कामाला निघून गेला. तिच्या वाढदिवसाला कार्ड यायचं, आत नुसतं नाव. पत्ता कधीच नसायचा.

नोव्हेंबरात छापील प्रमाणपत्रं आली. सगळ्यांनी नेली, जोएलचं राहिलं. वर्षभर कुणी फिरकलं नाही, तर श्रेडरमध्ये घालायला हरकत नसते. दर उन्हाळ्यात ॲव्हरिल गठ्ठा काढायची, बाकीची घालायची आणि ते एक पाकीट परत कपाटात ठेवायची. अशी अकरा वर्षं गेली.

"अगं, घरी ने की," मी एकदा म्हटलं. "आई आहेस त्याची."

"घरी नेलं, तर तो इथे कशाला येईल, हेझल?"



गेल्या मार्चमध्ये पत्र आलं. टाइप केलेलं, ऑफिसच्या नावाने. जोएलला नव्या नोकरीसाठी कागद हवा होता. 'मला येणं शक्य नाही. माझी आई ॲव्हरिल स्टॉबर्ट हिच्याकडे प्रमाणपत्र द्यावं, ती पाठवेल.' खाली सही आणि कॅनडाचा पत्ता.

मीच वाचून दाखवलं. तिने चष्मा पुसला, मग पर्समधून ड्रायव्हिंग लायसन्स काढून माझ्यासमोर ठेवलं.

"हे काय नवीन?"

"बघ ना. फोटो माझाच आहे का, बघ."

मी लायसन्स उचलून फोटो पाहिला. "तुझाच आहे गं बाई. घे."

तिने रजिस्टरात सही केली. 'नातं' या रकान्यात सावकाश 'आई' लिहिलं. पाकिटावर पत्ता घातला आणि पत्र फायलीला लावलं.

पोस्टात मी बरोबर गेले. खिडकीतल्या मुलीने पाकीट ओढलं, तरी हिची बोटं सुटेनात. शेवटी मुलगीच म्हणाली, "सोडता ना, मावशी?"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "रडतेस काय? पत्ता मिळालाय ना आता! आजच बस आणि चांगलं चार पानी पत्र लिही त्याला."

ॲव्हरिलने मान हलवली.

"तो पत्ता त्याने शाळेला दिलाय, हेझल. मला नाही."