न मागता आलेला अहवाल

पाणी तपासणीच्या कार्यालयात आकडेमोडीच्या टेबलावर बसणाऱ्या गृहस्थांना सगळे पक्केराव म्हणत. काहीही विचारा, उत्तर एकच, "पक्कं!" चहा येणार का? पक्कं. लिफ्ट बंद पडलीय का? पक्कं. बायको सांगायची, "बघायला आले तेव्हाही एवढंच बोलले. मी म्हटलं, चला, बडबड्या तरी नाही. तिथेच फसले."

दर सोमवारी शहरातल्या चाळीस नळांच्या आकड्यांची फाइल त्यांच्याकडे यायची. पूर्वी ते आर नावाच्या संख्याशास्त्राच्या भाषेत एकेक ओळ हाताने चालवत आणि त्यात अख्खी दुपार जाई. मग त्यांनी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे त्या सगळ्या ओळी एका दमात चालतील अशा एकाच जागी मांडल्या. ती कोणत्या भाषेत वाचायची हे पहिल्याच ओळीत सांगितलं आणि तिला आपली आपण चालायची परवानगी देऊन टाकली. आता संगणकाच्या काळ्या खिडकीत स्क्रिप्टचं नाव, पुढे त्या आठवड्याच्या फाइलचं नाव, एंटर, की एक पानी अहवाल हजर! वर आजची तारीख, खाली 'चाळीस नळ, सर्व ठीक'. पक्केराव असे मिरवू लागले, जणू पाणीही त्यांनीच शोधून काढलंय.

खोडा घातला तो ताईंनी. ताई म्हणजे बाटल्या घेऊन नळोनळी फिरणारी, नमुने तपासून ती आकड्यांची फाइल भरणारी बाई. एका बैठकीत त्या म्हणाल्या, "शाळेमागच्या नळात क्लोरीन उरत नाही. वासही येतो. मी फाइलमध्ये भरलंय, मग अहवालात ठीक कसं?"

पक्केराव खुर्चीत मागे रेलले. "ताई, आकडे नाकाने मोजत नाहीत."

सगळे खो खो हसले. ताई हसल्या नाहीत. पुढे बैठकीत त्या बोलेनाशाच झाल्या.

अशा सोमवारांमागून सोमवार गेले. स्क्रिप्ट आल्यापासूनच्या बाराव्या सोमवारी बायकोचा फोन आला. एका कानाने पडद्यांचा रंग ऐकता ऐकता पक्केरावांनी स्क्रिप्टचं नाव टाइप केलं, पुढे फाइलचं नाव द्यायचं विसरले आणि एंटर मारलं.

अहवाल आला. चाळीस नळ, सर्व ठीक.

"अहो, निळा की पिवळा?"

पक्केरावांच्या तोंडून 'पक्कं' निघालं नाही. फाइलच दिली नाही, तर अहवाल कशाचा?

त्यांनी स्क्रिप्ट उघडली. लिहिताना चाचणीसाठी त्यांनी आत एका जुन्या फाइलचं नाव ठोकलं होतं. ती ओळ काढायची राहिली होती. बाहेरून कुठलीही फाइल द्या, स्क्रिप्ट मुकाट्याने ती बाजूला ठेवून त्याच जुन्या आठवड्याचं पाणी तपासत होती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. कोणाचंच लक्ष नव्हतं. ओळ पुसली, या आठवड्याची फाइल देऊन स्क्रिप्ट पुन्हा चालवली. या वेळी अहवालात शाळेमागचा नळ लालभडक.

त्या दिवशीच्या बैठकीत कार्यालयाच्या प्रमुख मॅडमनी अहवालाचा कागद उंचावला. "शाब्बास, पक्केराव! तुमच्या स्क्रिप्टनं वेळेत पकडलं. शिका जरा सगळे."

टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या ताई बाटल्यांवरची लेबलं नीट करत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्या एकदा रागाने बघत्या, तर पक्केराव निभावून नेते! पण त्यांनी साधी भुवईही उचलली नाही, आणि या माणसाला टाळ्या चपलांसारख्या लागू लागल्या.

"वेळेत नाही पकडलं," ते उठून म्हणाले. आवाज एवढासा. "अकरा आठवडे मी एकच जुनी फाइल तपासत होतो. चूक माझी. ताई पहिल्यापासून बरोबर सांगत होत्या, मी त्यांना हसलो. आणि आत्ता गुपचूप दुरुस्त करून टाळ्याही घेतल्या."

मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे शाळेतली मुलं इतके दिवस ते पाणी..."

"उकळून पितायत," ताई म्हणाल्या. "मी तिथल्या शिपाईबाईंना तेव्हाच सांगून ठेवलं होतं. अहवाल काहीही म्हणू दे, म्हटलं, तुम्ही उकळा."

यापेक्षा ताईंनी चारचौघांत धुतलं असतं तर बरं, असं पक्केरावांना झालं.

दुपारी अकराही आठवडे पुन्हा काढायचे ठरले. ताई शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि एकेका फाइलचं नाव सांगू लागल्या. पक्केराव खाली मान घालून टाइप करत होते. चौथ्या आठवड्यापासून शाळेमागचा नळ लाल. पाचव्यात लाल. सहाव्यात लाल. प्रत्येक एंटरला माणूस खुर्चीत बोटभर खचत होता.

शेवटी त्यांनी स्क्रिप्टमध्ये नवी अट घातली. फाइलचं नाव दिलं नाही, तर तिथेच थांबायचं आणि तसं ओरडून सांगायचं. मग नाव न देता चालवून पाहिलं. खिडकीत उमटलं, 'फाइल दिलेली नाही.'

"थांबली ना नक्की?" ताईंनी विचारलं.

तो लाडका शब्द ओठांपर्यंत आला होता. पक्केरावांनी तो गिळला आणि कीबोर्ड ताईंकडे सरकवला.

"तुम्हीच एकदा बघता का?"

ताईंनी पदर सावरला, त्या संगणकाच्या पडद्याजवळ वाकल्या आणि मोठ्ठा श्वास घेऊन वास घेतला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बरी वाटतेय."