अजितचं बोट उचलताना

सागर, ये बाळा, असा जवळ बस. आणि मान वर कर आधी. महिना झाला, फोन करतोस आणि "जेवलीस का आत्ती?" एवढं विचारून ठेवून देतोस. खुळा हायस काय रे? तुझ्या बापाची थोरली बहीण मी, तुम्हा दोघा भावांना न्हाऊमाखू घातलेली. माझ्याशी असं दोन शब्दांत उरकतोस? रविवारची ही पुरवणी तू तिकडे पुण्यात मोबाईलवर वाचतोस, मला माहीत आहे. तोंडाने सांगायला जमेना, म्हणून इथे लिहिते आहे.

त्या सकाळी तुझा दादा, अजित, गेल्याचं मीच तुला फोनवर सांगितलं. तू रडला नाहीस. म्हणालास, "पण आत्ती, कालपर्यंत तर बटण चालत होतं की..." ते ऐकलं आणि मी फोन ठेवून दिला.

ज्यांना अजित माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शिरोलीच्या फाउंड्र्यांना तो कामाचे तक्ते काढून द्यायचा, घरी बसून, कॉम्प्युटरवर. वाळू कुठून येते, साचा कधी भरायचा, लोखंडाचा रस कधी ओतायचा... एक चौकोन, त्यातून बाण, पुढे दुसरा चौकोन. आणि जिथे माल पास की नापास हे ठरायचं, तिथे तिरका चौकोन. मी त्याला शंकरपाळी म्हणायचे. पुढे पुढे फाउंड्रीवाल्यांशी बोलताना त्याच्याही तोंडून शंकरपाळीच यायची, मग मला दटावायचा, "आत्ती, धंदा बुडवणार हायस तू माझा!" माऊसला तो फारसा हात लावत नसे. दोन्ही हात बटणांवर, बोटं पेटी वाजवणाऱ्यासारखी. तीन-तीन बटणं एकदम दाबायचा आणि पडद्यावर तक्ता भराभर वाढत जायचा. मी भाजी निवडत बघत बसायचे, कळायचं काही नाही, पण बरं वाटायचं.

मग दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातातली ताकद जायला लागली. हा आजार मागे फिरत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तीन बटणांवर बोटं पसरेनात, तर तू पुण्यात बसून दोन बटणांवर जुळवून दिलंस. दोन जमेनात, तर एकावर आणलंस. शॉर्टकट म्हणायचात तुम्ही त्याला. त्याचं एक बोट गेलं की तू एक बटण कमी करायचास... दुसरं करणार तरी काय होतास तू? मी तरी काय करत होते? भात कालवून भरवत होते.

शेवटी तू सगळं एकाच लांब बटणावर आणलंस. ते दाबलं की चौकोन, बाण, शंकरपाळी एकामागून एक फिरत येणार, सोडलं की हवा तो आकार उमटणार. तुझा रोज फोन, "आत्ती, जमतंय का दादाला?" आणि मी रोज, "जमतंय की!"

सागर, जमत नव्हतं रे. बोट दाबलं जायचं, पण वर उचलता यायचं नाही. बटण दाबलेलंच राहायचं आणि पडद्यावर ते आकार गरागरा फिरत राहायचे. मग मी शेजारी स्टूल घेऊन बसायला लागले. हवा तो आकार आला की त्याने "हां" म्हणायचं आणि मी त्याचं बोट उचलायचं. कधी माझा हात उशिरा पडायचा, बाणाच्या जागी शंकरपाळी उमटायची. पूर्वी अर्ध्या दिवसात व्हायचा तेवढा तक्ता आम्हा दोघांना आठवडाभर पुरला.

एकदा तो म्हणाला, "आत्ती, सागरला खरं सांग. बटणं पुरं झाली, आता नुसता ये म्हणावं." मी "सांगते" म्हणाले. संध्याकाळी तुझा फोन आला. तू इतका खुशीत होतास, "अजून सोपं करतोय आत्ती, पंधरा दिवस दे फक्त." मी म्हटलं, "दिले की." फोन ठेवला तर अजित माझ्याकडे बघत होता. हसला आणि म्हणाला, "पंधरा दिवस तुझ्या घरचे हायत व्हय गं?"

दहाव्या दिवशी गेला.

बाराव्याला तू येईल त्या पावण्याला सांगत होतास, दादा शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने काम करत होता. मी चहा देत मान हलवत होते. एवढा तरी आधार राहू दे तुला, असं वाटलं. पण मागच्या आठवड्यात फोनवर एकदाच थोडं जास्त बोललास, म्हणालास, असाच आजार झालेले कुणी मास्तर आहेत, त्यांना हे बटण पाठवतोय. "दादाला चाललं, त्यांनाही चालेल." मी "बरं" म्हटलं... आणि तेव्हापासून रोज तेच डोक्यात आहे. त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायला कुणी असेल का? नसेल तर ते फिरणारे आकार बघत बसतील आणि त्यांना वाटेल, आपलंच चुकतंय.

दाबायचं तू सगळं सोपं केलंस बाबा. उचलायचं तुला ठाऊकच नव्हतं, कारण मी ते कळू दिलं नाही. ते बोट किती वेळ तसंच राहायचं, किती जड व्हायचं, हे मला लिहिता येत नाही. तुझं बोट हातात घेऊन दाखवावं लागेल. मग माझ्यावर ओरड, चार दिवस बोलू नकोस... पण ये. तोवर मास्तरांना काही पाठवू नकोस. लवकर ये.