मशीन बंद पाडणारे काळेकाका

काळेकाका नव्या माणसाशी हात मिळवताना नावापाठोपाठ सांगायचे, "मी एकदा चालतं मशीन बंद पाडलंय." समोरचा हसायचा, काकाही हसायचे. अमेरिकेत, शुगर लँडला मी त्यांच्या हाताखाली कामाला लागले तेव्हा मीही हसले होते. एवढा मोठा इंजिनिअर आणि किती साधा, असं आईला फोनवर कौतुकानं सांगितलंही होतं.

विजेची एखादी मोठी लाइन अचानक बंद पडली की वीजकेंद्रातली जनित्रं डोलू लागतात. ते डोलणं शमवणारे कंट्रोलर आम्ही बसवायचो. कंट्रोलरचा जोर हळूहळू वाढवत न्यायचा. कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर तोच मशीनला हलवू लागतो. काका या कामात भलतेच भित्रे. दर पायरीला तिथल्या ऑपरेटरला विचारणार, थांबू का? मी वैतागले की म्हणायचे, "अगं, मशीन त्याचं. आपण पाहुणे."

एकदा एका जुन्या प्लांटवर गेलो. गेटजवळच्या स्टोअरमध्ये एक म्हातारा हेल्मेट देत होता. काकांनी मान खाली घालून हेल्मेट घेतलं आणि नाव न सांगताच पुढे गेले. मला ते खटकलं.

परतताना गाडीत मी त्या म्हाताऱ्याबद्दल विचारलंच.

"तो वॉल्टर. मी मशीन बंद पाडलं तेव्हा इथला ऑपरेटर होता. थांबा म्हणाला, दोनदा. मी म्हटलं, ट्रस्ट मी. मशीन ट्रिप होऊन बंद पडलं, गाव अंधारात. चौकशीत विचारलं, ऑपरेटरनं वॉर्न केलं होतं का? मी नाही म्हणालो. त्याला कंट्रोल रूममधून काढलं, तेव्हापासून तो तिथे, स्टोअरमध्ये." मग म्हणाले, "मशीनचं सगळ्यांना सांगतो गं. याची लाज वाटते."

आपण त्या वाक्याला किती हसलो ते आठवून माझेच कान तापले.

पुढे काका निवृत्त झाले. निरोपाच्या जेवणाला वॉल्टरला त्यांनी स्वतः जाऊन बोलावलं. भाषणात नेहमीचं वाक्य आलं, हॉल हसला. हसणं ओसरेपर्यंत काका थांबले आणि उरलेलं सगळं सांगितलं, कंपनीच्या साहेबांसमोर, वॉल्टरकडे बघत. काकू ताटाकडे बघत बसल्या होत्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.

वॉल्टर निघाला तेव्हा काका दारापर्यंत गेले, हात पुढे केला. वॉल्टरनं टोपी डोक्यावर नीट बसवली.

"हे ऐकायला माझी बायको जिवंत हवी होती," तो म्हणाला आणि गेला.

काकांचा हात तसाच पुढे राहिला. शेवटी काकूंनी येऊन तो खाली घेतला.