दोन हजार बैठका
लाल मातीत तेल, ताक आणि हळद कालवल्याचा वास आला की मला मेहकरची तालीम आठवते. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. आमचं पहिलं लेकरू जन्मताच गेलं आणि मी रोज दोन हजार बैठका मारू लागलो. खोटं वाटेल, पण समोरच्या हॉटेलातल्या कपबशा नाचायच्या. थांबलो की लेकरू आठवायचं, म्हणून पुन्हा सुरू. बायको घरी एकटी. एका सकाळी पाय लटपटून मी आखाड्यातच आडवा झालो. थकल्या पहिलवानाला मातीत पुरतात, तसं म्हाताऱ्या वस्तादांनी माझ्यावर गळ्यापर्यंत माती लोटली. "सोडा वस्ताद, हजार बाकी हायेत अजून!" "काऊन बे, बैठका मारून लेकरू वापस येते काय? तिकडे ते पोरगी एकटी रडून राह्यली. जाय, तिच्यापाशी बस." हात मातीखाली, तोंड लपवायची सोय नाही, बैलासारखा हंबरलो. दुपारी घरी जाऊन तिच्याशेजारी टेकलो, तर मांड्या आपोआप थरथरत होत्या. तिनं त्यांवर हात ठेवला. पुढं ही गोष्ट सांगताना मी बैठका पाच हजार केल्या, दहा हजार केल्या. त्या हाताचं मात्र या वयापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.