प्रत्येकी दोन मिनिटं

हातमोज्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे घंटीवाले म्हणत. नोकरी हजेरी कारकुनाची, पण ओळख मंगळवारच्या बैठकीमुळे. पूर्वी त्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचंच चालायचं. शिलाईच्या बायका भिंतीला टेकून नुसत्या ऐकायच्या. बैठक चालवणं घंटीवाल्यांकडे आलं आणि त्यांनी नियम घातला. प्रत्येकाला दोन मिनिटं. मध्ये कुणी बोलायचं नाही, हसायचं नाही. वेळ संपली की टेबलावरची घंटी. एकदा त्यांनी खुद्द साहेबांवर ती वाजवली, तेव्हा शिलाईतल्या एक बाई म्हणाल्या, "अशी एक माझ्या घरीही द्या, नवऱ्यासाठी."

त्यांचा धाकटा भाऊ तिथेच कापणी विभागात होता. तो बोलताना अडखळायचा. बैठकीत पाळी आली की मान हलवून पुढच्याकडे बघायचा.

गेल्या वर्षी कापणी बंद करून कापलेला माल बाहेरून आणायचं घाटत होतं. अकरा जणांचं काम जाणार होतं. प्रत्येक विभागातून एकानेच बोलायचं ठरलं आणि कापणीवाल्यांनी धाकट्याला उभं केलं, कारण बाहेरच्या नमुन्यातली खोट त्यालाच सापडली होती. अंगठा अर्धा इंच तोकडा होता. शिवून पाठवलेला माल परत आला असता. त्या नमुन्यातून शिवलेले दहा जोड तो पिशवीत घेऊन आला होता.

तो उभा राहिला. कुणी हसलं नाही, कुणी मध्ये बोललं नाही. सगळे खाली बघत होते. "बाहेरच्या मालात अं... अं..." इथवर तो आला आणि दोन मिनिटं झाली. घंटीवाल्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी घंटी वाजवली. धाकटा खाली बसला. पिशवी बांधलेलीच होती.

त्याच दुपारी ठेकेदाराशी करार झाला.

संध्याकाळी घरी वहिनींनी दोघा भावांची ताटं वाढली. घंटीवाल्यांनी धाकट्याला विचारलं, जास्त वेळ का मागितला नाहीस?

"मा... मागितला असता तर तू दिला असतास, दादा. मग सगळे म्हणाले असते, भाऊ म्हणून दिला."

दुसऱ्या दिवशी घंटीवाले स्वतः पिशवी घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी त्यांना बसवलं, चहा मागवला, दोन जोड हातात घालूनही पाहिले. मग बैठकीची वही उघडून शेवटची ओळ वाचून दाखवली: सर्व विभागांना समान वेळ देऊन निर्णय झाला, कोणाचीही हरकत नाही. अक्षर घंटीवाल्यांचं होतं, खाली सहीही.

"तुमच्याइतकी नीट बैठक कुणी चालवत नाही," साहेब म्हणाले. "आता तिचा निर्णय मोडायचा कसा?"

घंटीवाल्यांनी चहा संपवला. महिनाअखेर हजेरीपटातून अकरा नावं त्यांनाच कमी करावी लागली. भावाचं चौथं होतं.