आईचा चंद्र, माझा चंद्र

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात चंद्र आहे की नाही, हे ठरवायची जबाबदारी एका श्रावणात माझ्यावर येऊन पडली होती.

माझं नटबोल्ट-खिळ्यांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून मी मोबाइलवर आधुनिक भौतिकशास्त्र ऐकू लागलो. त्यात कळलं, अतिसूक्ष्म कण मोजून पाहीपर्यंत एका ठरावीक जागी नसतातच म्हणे! मी विचार केला (विचार आले की मला आवरत नाहीत), चंद्रही त्याच कणांचा ना? मग कुणी पाहत नसेल तेव्हा चंद्र असतो का? एवढ्या मोठ्या वस्तूला हा नियम तसाच लावू नका, अशीही एक सूचना होती. ती मी सोयीने गाळली. बैहरहून आलेल्या गिऱ्हाइकाला मी विचारलं, "डबा उघडेपर्यंत आत बोल्ट हायेत, हे कायवरून?" तो शेजारच्या दुकानात गेला. मला वाईट वाटलं नाही. गावातला एकमेव विचारवंत म्हणून माझी छाती आधीच फुगलेली होती!

घरी मी बोलू लागलो की सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, नेमकं दळण आठवायचं. आई मात्र भाजी निवडता निवडता सगळं ऐकायची.

"म्हंजे पाह्यला नाही तं चंद्र नाही?"

"हौ, आई! अगदी बरोबर!"

"बरं," एवढंच ती म्हणाली. मला केवढा अभिमान वाटला! पहिली शिष्या, तीही घरातलीच.

मग संकष्टी आली. हा उपास आई आणि मी दोघंही धरतो. चंद्र पाहायचा, अर्घ्य द्यायचं, मगच मोदक. त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं. अशा वेळी आम्ही कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ झाली की ढगांनाच हात जोडतो आणि जेवायला बसतो. ताटं घेऊन सुनंदा बोलवायला वर आली. आई छतावरून हलेना.

"आई, वेळ झाली. चाल जेवाले."

"चंद्र कुठी हाये?"

"ढगाच्या मागं."

"तू पाह्यला काय?"

"नाही. पण असतेच ना तो तिथं!"

"आता असते काय? कालपर्यंत तं नव्हता!"

सुनंदा पदर तोंडाला लावून खाली पळाली. मी मात्र घड्याळ पाहिलं. आईची बीपीची गोळी जेवणानंतरची, आणि सकाळपासून तिच्या पोटात फक्त शेंगदाणे.

"आई, म्या चुकलो. चंद्र हाये!"

"मंग दाखव."

एवढ्यात शेजारच्या छतावरून बिसेन काकी ओरडल्या, "भैया, चाँद है कि नहीं, जल्दी तय करो! हमको भी भूख लगी है!" (त्यांनाही मागच्या आठवड्यात मीच पटवून दिलं होतं.)

शेवटी आईला स्कूटरवर मागे बसवलं. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात माझा शर्ट. मागून मोटरसायकलवर बिसेन काका-काकी. चौकात पानठेलेवाल्यानं विचारलं, "कहाँ चले सब?"

"चाँद है कि नहीं, देखने!" मी म्हणालो.

"अस्पताल तो उधर है, भैया!"

वैनगंगेच्या पुलाजवळ पोचलो. तिथे वारा होता, ढग फाटत होते. आई उतरली, हात जोडून उभी राहिली. स्कूटरचं स्टँड काही लागेना, म्हणून मी वाकून त्याच्याशी झटत होतो. इतक्यात काकी ओरडल्या, "दिखा! दिखा!"

मी मान वर केली, तोवर ढग पुन्हा जुळलेले! आईनं मात्र तेवढ्यात दर्शन घेतलं आणि शांतपणे अर्घ्य सोडलं.

घरी आल्यावर आई पोटभर जेवली, तिनं गोळी घेतली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग मी माझं ताट ओढलं.

"तू काहून बसला?"

"जेवाले."

"चंद्र पाह्यला काय?"

"तुम्ही सगळ्यायनं पाह्यला ना!"

"आमचा आमच्यापाशी. तुयासाठी तं तो उगवलाच नाही!"

खरं सांगतो, राग आला नाही. अभिमानच वाटला. माझा सिद्धांत इतका चोख कुणी वापरलाच नव्हता, मीसुद्धा नाही! ताट सरकवून मी ताठ मानेनं उठलो.

पण मान ताठ असली तरी पोट रिकामंच होतं. सगळे पुढच्या खोलीत गेल्यावर मी स्वयंपाकघरात शिरलो आणि दिवा न लावताच मोदकांच्या डब्यात हात घातला. मनात म्हटलं, कुणी पाहिलंच नाही, तर उपास मोडला कुठे? पहिला मोदक निर्विघ्न पार पडला. दुसरा तोंडात होता आणि दिवा लागला.

दारात आई.

"पाह्यलं म्या," ती म्हणाली. "आता मोडला!"